सकाळी साडेआठची फुंकर

रात्रीची काळजी आता आपण बऱ्यापैकी घ्यायला लागलोय. पंधरा-वीस वर्षांपूर्वी प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असायचा जो "अरे मी एकदम नीट आहे, मी चालवतो" म्हणत चावी घेऊन उठायचा आणि त्याला अडवायची कोणाची हिंमत नसायची. आता अडवतात. कोणीतरी चावी लपवतं, कॅब बोलावली जाते, नाहीतर सरळ तिथेच गाद्या टाकून सगळे आडवे होतात. मुंबईत ट्रॅफिक पोलिसांनी २००७ पासून ही मोहीम जोरात लावून धरली, मग बाकीच्या शहरांतही नाकाबंदी नेहमीची झाली, थर्टी फर्स्टला तर असतेच असते, गटारीच्या शनिवार-रविवारीही असते. त्या धाकानं म्हणा, बायकापोरांच्या आग्रहानं म्हणा, पण पिऊन रात्री गाडी चालवायची नाही हे निदान आमच्यासारख्या घरांत तरी आता सर्वांना पटलंय.

पण सकाळचं काय?

सकाळी कोणीच कोणाला अडवत नाही. रात्री दोनला झोपलेला माणूस साडेसातला उठतो, दात घासतो, कडक पाण्यानं आंघोळ करतो, धुतलेला शर्ट घालतो, देवाला हात जोडतो, दोन कप चहा घेतो, पोहे खातो आणि गाडीची काच पुसायला लागतो. त्याच्याकडे बघून कोणाच्या मनात येणार की हा अजून उतरलेला नाही? त्याच्या स्वतःच्याही मनात येत नाही, कारण आपल्याकडे आंघोळ झाली की मागचा दिवस संपला, नवा सुरू झाला. शरीराचा हिशोब मात्र असा दिवसांवर चालत नाही, तो तासांवर चालतो, आणि ते तास आपण समजतो त्यापेक्षा बरेच जास्त असतात. मला या लेखात एवढंच सांगायचंय आणि ते मनापासून सांगायचंय, कारण गेल्या हिवाळ्यात दिवेआगरला हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी हिशोब बघू, कारण तो कळल्याशिवाय पुढचं पटायचं नाही. आपल्याकडची व्हिस्की-रम ४२.८ टक्के असते. त्यातला साठ मिलीचा एक लार्ज म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण वीस ग्रॅम. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे साठ ग्रॅम. आणि "मी काय, नुसती बिअर घेतली" असं म्हणणाऱ्यांसाठी, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चाळीस ग्रॅम, सरळ दोन लार्ज. आता हे वीस ग्रॅम रक्तात किती दिसतात याचा अंदाज बांधायची रीत स्वीडनच्या एरिक विडमार्कनं १९३० च्या दशकात घालून दिली आणि अजूनही जगभर तीच वापरतात. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात एक लार्ज म्हणजे दर १०० मिलीमागे साधारण चाळीस मिलीग्रॅम. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं म्हणून तिच्या रक्तात तोच पेग जास्त दिसतो, शिवाय वजन कमी असेल तर आणखी जास्त.

हे झालं चढण्याचं. उतरण्याचा वेग मात्र आपल्या हातात अजिबात नाही. दर १०० मिली रक्तामागे लिव्हर तासाला साधारण पंधरा मिलीग्रॅम काढतं, कोणाचं दहा, कोणाचं वीस, पण एकदा जो वेग आहे तो आहे. जास्त प्यायलात म्हणून ते जास्त जोरात काम करत नाही, त्याची एन्झाइम्स आधीच पूर्ण कामाला लागलेली असतात. लिंबूपाणी, ताक, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची आंघोळ, समुद्रात डुबकी, सकाळी ओकारी काढणं, यातल्या कशानंही तो वेग वाढत नाही. कॉफीनं जागं वाटतं, ताकानं पोटाला बरं वाटतं, पण रक्तातला आकडा आपल्या चालीनंच खाली येतो. आणि झोपेनंही तो जास्त भरभर उतरत नाही, झोपलं काय आणि जागं राहिलं काय, तास तेवढेच लागतात. "झोपून उठलो की उतरली" हे आपलं जे पक्कं समीकरण आहे ना, ते इथंच फसतं.

म्हणजे बघा, रात्री नऊला बसले, पाच लार्ज झाले, दीडला उठले. पाच गुणिले चाळीस, दोनशे. नऊपासूनच लिव्हर कामाला लागलेलं, तासाला पंधरानं. आपल्या कायद्याची मर्यादा आहे तीस, म्हणजे १०० मिली रक्तात तीस मिलीग्रॅम, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. दोनशेवरून तीसवर यायला अकरा तासांच्या वर लागतात, म्हणजे सकाळचे सव्वाआठ-साडेआठ. आणि हे ज्याचं लिव्हर पंधरानं काम करतं त्याचं. ज्याचं दहा-बारानं चालतं त्याला दुपार होते. आणि तीस म्हणजे शून्य नव्हे! तिथून शून्यावर यायला आणखी दोन-तीन तास. कोणाचा वेग किती हे बाहेरून बघून कळत नाही, त्याला स्वतःलाही कळत नाही. "मला चढतच नाही" म्हणणाऱ्यांना तर अजिबातच नाही, कारण सवयीनं जी सहनशक्ती वाढते ती जाणवण्याची वाढते, रक्तातला आकडा तेवढाच असतो.

दिवेआगरची गोष्ट अशी. आमचं सासरचं सगळं कुटुंब, दोन गाड्या, एक आमची, एक मोठ्या दादांची म्हणजे माझ्या दिरांची. आमची गाडी मीच चालवते, नवऱ्याला घाटात चालवायचा कंटाळा आहे आणि मला आवडतं. दादांच्या गाडीत वहिनी, दोन मुलं आणि आमच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. वहिनींना गाडी येत नाही. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर भाऊ-भाऊ अंगणात बसले, किती वर्षांनी असे निवांत बसले होते, जुन्या वाड्यातल्या गोष्टी निघाल्या, बाबांच्या आठवणी निघाल्या, आई पण खुर्ची टाकून ऐकत होत्या, आणि खरं सांगते मला ते बघून फार छान वाटलं होतं. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी वाकडं बोललं नाही. दीड वाजता सगळे शांतपणे झोपायला गेले. दारू पिणं वाईट की बरं हा माझा विषयच नाहीये, मीही कधीतरी वाइन घेते.

रविवारी सकाळी दादा सगळ्यांच्या आधी उठून समुद्रावर जाऊन आले होते. आंघोळ करून, नारळाची चटणी आणि घावण्यांचा नाश्ता करून साडेआठला गाडीपाशी उभे, म्हणाले, "चला, उशीर केला तर ताम्हिणीत गर्दी लागेल." बोलणं स्वच्छ, डोळे ठीक, हात स्थिर. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी मी काही बोलले नसते. पण माझ्या पर्समध्ये फुंकर मारून रक्तातल्या दारूचा अंदाज देणारं छोटं मशीन होतं, आणि रात्री साधारण किती झालीये हे मला माहीत होतं.

आता मोठ्या दिरांना सांगायचं कसं, की दादा जरा फुंकर मारा? आपल्या घरांत हे सोपं नाही. रात्री सांगता येतं, रात्री सगळेच हसत असतात, थट्टेवारी नेता येतं. सकाळी सांगितलं की तो आरोप होतो. आईंच्या समोर, मुलांच्या समोर, सुनेनं. नवऱ्याला मी डोळ्यांनी खुणावलं तर तो मान हलवून बॅगा ठेवायला लागला, त्याचंही बरोबरच होतं, मोठ्या भावाला असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

मग मी मशीन काढलं आणि आधी स्वतः फुंकले. ०.०००. मग नवऱ्याला दिलं, त्यानं रात्री एकच घेतला होता, त्याचंही शून्य. मग मुलं मागेच लागली, आम्हाला आम्हाला, त्यांनी फुंकलं, मग आई म्हणाल्या, "बघू गं, माझं काय येतंय," आणि आमच्या पंच्याहत्तरीच्या आईंनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात कफ सिरपपलीकडे काही घेतलं नाही, त्यांनी दोन्ही हातांनी मशीन धरून गाल फुगवून फुंकर मारली. शून्य. सगळे हसले. आणि मग दादांनी आपणहून हात पुढे केला.

०.०५२.

मर्यादा ०.०३०, म्हणजे मघाचे तेच तीस मिलीग्रॅम. त्यांना वाटलं मशीन बिघडलं. दहा मिनिटं थांबून, पाण्यानं चूळ भरून पुन्हा फुंकलं, जवळपास तेवढाच. दादा इंजिनिअर माणूस, त्यांनी आकड्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि काहीही न बोलता गाडीची चावी वहिनींच्या हातात दिली. मला वाटत होतं वाद होईल, "मला काही होत नाहीये" वगैरे. झालाच नाही. माणसाशी वाद घालता येतो, बायको, भावजय, आई, कोणाशीही, पण शून्य-शून्य-शून्य आणि मग ०.०५२ असं ओळीनं आलं की बोलण्यासारखं काही उरत नाही. आणि कोणी त्यांना वेगळं काढलेलं नव्हतं, सगळ्यांनीच फुंकलं होतं, हे मला आजही त्यातलं सर्वात मोलाचं वाटतं. तेव्हापासून आमचा नियमच झालाय की मशीन निघालं की घरातला प्रत्येक जण फुंकणार, घेतलेली असो वा नसो.

खरी परीक्षा साडेदहाला झाली. तेव्हा आकडा आला ०.०२७. म्हणजे कायद्यानं चालतंय. नवरा म्हणाला, "झालं की, निघूया." मुलं कंटाळलेली, होमस्टेवाल्या काकूंची खोल्या आवरायची घाई. दादांनी विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "दादा, तुमच्या गाडीत आई आहेत, मला तर शून्य आलेलं आवडेल." ते म्हणाले, "मलाही." मग काकूंना सांगून आम्ही तिथेच जेवायचं ठरवलं, उकडीचे मोदक सांगितले, आई आणि मुलं गणपतीला जाऊन आली, आणि पाऊण वाजता, पान वाढायच्या आधी दादांनी फुंकर मारली तेव्हा स्क्रीनवर तीन शून्यं होती. साडेआठ ते पाऊण, सव्वाचार तासांत बावन्न. तासाला बाराच्या आसपास, पंधरापेक्षा हळू. म्हणजे सर्वसाधारण गणितानं बघितलं असतं तर आम्ही चुकलो असतो, दादांचं लिव्हर दादांच्याच चालीनं चालतं. हा आकडा त्यांनी स्वतः नंतर फोनमध्ये लिहून ठेवला.

साडेआठलाच निघालो असतो तर म्हसळा, माणगाव आणि मग ताम्हिणीची वळणं, समोरून वीकेंडच्या गाड्या, बाइकवाल्यांचे ग्रुप, रस्त्याच्या कडेला फोटो काढत उभी असलेली माणसं. दादा उत्तम चालवतात. पण ०.०५ ला उत्तम चालवणाऱ्याचीही नजर एका गोष्टीवरून दुसरीकडे जायला वेळ लागतो, ब्रेकवर पाय उशिरा जातो, आणि वळणावर तो उशीर किती महाग पडतो हे घाटात चालवणाऱ्या कोणालाही सांगायला नको. इंग्लंडमध्ये मर्यादा ८० आहे, स्कॉटलंडनं २०१४ मध्ये ती ५० वर आणली, युरोपात बहुतेक ठिकाणी ५० आहे, आपल्याकडे ३०. आकडे वेगवेगळे आहेत कारण ते प्रत्येक सरकारनं ठरवलेत, पण त्या रेषेच्या अलीकडे सगळं सुरक्षित आणि पलीकडे धोका असं शरीरात काही नसतं. थोडी असली तरी थोडा परिणाम असतोच.

माझे मामा रेल्वेत लोको पायलट होते, दौंडला. दिवेआगरहून आल्यावर त्यांना मी हे सगळं सांगितलं तर त्यांना त्यात काही विशेषच वाटलं नाही! त्यांच्याकडे लॉबीत साइन-ऑन करताना, म्हणजे ड्यूटीवर हजेरी लावताना, मशीनमध्ये फुंकल्याशिवाय ड्यूटी सुरू होत नाही आणि ड्यूटीवरून उतरताना पुन्हा फुंकायचं. फुंकरीत काही दिसलं तर इंजिनवर चढायचंच नाही. मामा म्हणाले, आम्ही आदल्या रात्रीचा ग्लास उद्याची गाडी किती वाजता आहे ते बघून ठरवायचो, पहाटेची गाडी असेल तर ग्लास नाही. विमानाच्या पायलट लोकांचंही तसंच, उड्डाणाच्या आधीचे बारा तास दारू नाही, आणि नुसतं बारा तास झाले म्हणून भागत नाही, फुंकरीत शून्यच यावं लागतं. म्हणजे ज्यांच्या हातात दुसऱ्यांचे जीव आहेत त्यांच्यासाठी आपण शून्य मागतो. मागच्या सीटवर आई आणि दोन पोरं घेऊन घाट चढणाऱ्या माणसाच्या हातात काय असतं मग?

मामांचं ते बोलणं माझ्या डोक्यात पक्कं बसलंय, कारण सगळी गोम तिथेच आहे. सकाळी आकडा बघणं हे शेवटचं पाऊल झालं. खरा निर्णय आदल्या रात्री नऊ वाजता होतो, किंवा त्याच्याही आधी, बुकिंग करताना. उद्या कोण चालवणार आणि किती वाजता निघणार हे बसायच्या आधी ठरलं पाहिजे. आपण करतो उलटं, रात्री पोटभर बसतो आणि सकाळी "लवकर निघू म्हणजे ट्रॅफिक लागणार नाही" म्हणतो. सगळ्यात जास्त आकडा अंगात असतो तेव्हाच सर्वात लवकर निघायची घाई, हे किती घरांत होत असेल! लग्नातही हेच, रिसेप्शननंतर मुलाकडची मंडळी बसतात आणि पहाटे सहाला कोणीतरी वऱ्हाडाला स्टेशनवर सोडायला गाडी काढतं.

आणि गाडी म्हटलं की आपल्याला फक्त कार दिसते. रविवारी सकाळी सातला स्कूटर काढून दुधाला जाणं, कोपऱ्यावरून मटण आणणं, मुलाला ग्राउंडवर सोडणं, याला कोणी ड्रायव्हिंग धरतच नाही. कायदा धरतो, कलम १८५ सगळ्याच मोटार वाहनांना लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. त्यात सकाळ-रात्र असा फरक कुठेही लिहिलेला नाही. अपघात झाला आणि चालवणाऱ्याच्या रक्तात दारू सापडली तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम इन्शुरन्स कंपनी नाकारू शकते, तिथेही "काल रात्रीची होती हो" चालत नाही. पण दंडाच्या भीतीनं हे करावं असं मला वाटत नाही, दुचाकीवरून पडलेल्या माणसाला वाचवायला एअरबॅग नसते, एवढं कारण मला पुरतं.

मशीनबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण चुकीचं मशीन घेतलं किंवा चुकीचं वापरलं तर ते नसलेलं परवडलं.

हे मशीन तुमच्या श्वासातून रक्ताचा अंदाज बांधतं. फुप्फुसाच्या तळाशी रक्त आणि हवा यांच्यात पातळसा पडदा असतो, त्यातून अल्कोहोल हवेत येतं, आणि रक्तात जेवढं असेल त्याच्या ठरावीक प्रमाणात येतं, साधारण २१०० ला १. म्हणून फुंकर लांब मारायची, मशीन बीप वाजवून थांब म्हणेपर्यंत, पाच-सहा सेकंद, कारण खोलवरची हवा शेवटी बाहेर येते. अर्धवट फुंकलं तर आकडा कमी येतो, आणि मग आपण आपल्यालाच फसवलेलं असतं. अमेरिकेत इंडियाना राज्यात रॉबर्ट बोर्केनस्टाईन नावाच्या पोलीस अधिकाऱ्यानं १९५४ मध्ये जे मशीन बनवलं त्यात केमिकलचा रंग बदलायचा आणि त्यावरून आकडा काढायचे. आता चांगल्या मशीनमध्ये फ्युएल सेल असतो, प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर अल्कोहोल जळतं, त्यातून बारीकसा करंट निघतो, तो मोजला की आकडा मिळतो. स्वस्तातल्या मशीनमध्ये सेमीकंडक्टर सेन्सर असतो, तो दुसऱ्या वासांनाही दाद देतो, परफ्यूम, रूम स्प्रे, सॅनिटायझर, आणि थोड्याच दिवसांत त्याचा आकडा चुकायला लागतो. विकत घेताना डब्यावर फ्युएल सेल लिहिलंय ना हे बघा, किंमत जास्त पडते पण इथे पैसे वाचवू नका.

दुसरी गोष्ट युनिट. बरीच मशीन्स बाहेरच्या देशांसाठी बनलेली असतात. त्यात धोक्याची लाल खूण ०.०५ किंवा ०.०८ ला लावलेली असते, म्हणजे ०.०४५ आलं तरी हिरवा लाइट लागतो आणि माणूस खूश होऊन निघतो, आपल्याकडे ते दीडपट झालेलं असतं. दादांचं त्या सकाळचं ०.०५२ सुद्धा इंग्लंडच्या सेटिंगवर हिरवंच दिसलं असतं! शिवाय काही मशीन रक्ताचा टक्का दाखवतात आणि काही श्वासातलं प्रमाण, दर लिटरला किती मिलीग्रॅम. आपली तीसची मर्यादा रक्ताच्या टक्क्यात ०.०३ होते आणि श्वासाच्या हिशोबात ०.१४ च्या आसपास. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात युनिट असतं ते मशीन आल्या आल्या बघून, सेटिंग बदलून घ्या. लाइट बघूच नका, आकडा बघा.

फुंकायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं तोंडात काही नको, माउथवॉश तर नकोच, बऱ्याच माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं, आणि तोंडातलं अल्कोहोल मोजलं गेलं की आकडा एकदम वर जातो. नुकतीच ढेकर आली असेल, अॅसिडिटीनं घशाशी येत असेल तरी थांबून पुन्हा बघा. एकदा फुंकून समाधान मानू नका, दोनदा फुंका, मध्ये काही मिनिटं जाऊ द्या. आणि शेवटचा ग्लास खाली ठेवल्या ठेवल्या आलेल्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका, पोटातली अजून रक्तात यायची असते, तो आकडा पुढे अर्धा-पाऊण तास चढत जाऊ शकतो.

आणि आता जे मशीन सांगत नाही ते. शून्य आलं म्हणजे माणूस ताजातवाना झाला असं नाही. दारू घेऊन लागलेली झोप सुरुवातीला गाढ वाटते पण पहाटेच्या तासांत तुटक होते, माणूस सात तास झोपून चार तासांचा उठतो. अंगातलं पाणी गेलेलं असतं, डोकं धरलेलं असतं. नेदरलँड्समध्ये युट्रेख्तच्या संशोधकांनी हँगओव्हरमधल्या लोकांना सिम्युलेटरवर हायवेची गाडी चालवायला दिली, रक्तात दारू शून्यावर आलेली असताना, तरी त्यांची गाडी लेनमध्ये जास्त डुलत होती आणि लक्ष जास्त वेळा उडत होतं. दिवेआगरला पाऊण वाजता तीन शून्यं आल्यावरही मी दादांना जेवणानंतर तासभर पडायला लावलं ते यासाठीच. आम्ही साडेतीनला निघालो, ताम्हिणीच्या वर एका टपरीवर सगळे उतरून चहा प्यायलो, अंधार पडता पडता पुण्यात.

मशीन म्हणजे परवानगी असं काहींना वाटतं, की फुंकून बघू आणि जेवढी बसते तेवढी बसवू, ०.०२९ पर्यंत चालतंय ना! हे मला मनापासून चुकीचं वाटतं. पर्सनल मशीनचा आकडा पोलिसांसमोर कामाला येत नाही, त्यांच्या मशीनचा आकडा चालतो, आणि घरगुती मशीनमध्ये थोडंफार इकडेतिकडे होतंच. मशीनचा उपयोग एकाच बाजूनं करायचा, आकडा दिसला तर निघायचं नाही. आकडा दिसला नाही तरी डोकं जड असेल, रात्री झोप झाली नसेल, तर त्या शून्याच्या भरवशावर घाटात जायचं नाही.

वहिनींनी दिवेआगरहून आल्यावर पंधरा दिवसांत ड्रायव्हिंग क्लास लावला. मला सांगत होत्या, "त्या दिवशी चावी माझ्या हातात आली आणि मला काहीच करता येत नव्हतं, मी नुसती ती धरून बसले चार तास." आता पक्कं लायसन्स आलंय, अजून घाटात चालवायला घाबरतात पण हायवेला येतात. आपल्याकडे अशा किती घरांत एकच माणूस गाडी चालवणारा असतो, आणि तोच रात्री बसणारा असतो, मग सकाळी बाकीच्यांना त्याच्या भरवशावर मागे बसण्यावाचून दुसरा इलाजच नसतो.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला नवऱ्याच्या मावसबहिणीच्या मुलाचं लग्न आहे, शनिवारी रात्री रिसेप्शन, रविवारी परत. फॅमिली ग्रुपवर कोण कुठल्या गाडीत यावरून बोलणं चाललं होतं तर दादांनीच लिहिलं की त्यांची गाडी रविवारी दुपारी तीनच्या आधी निघणार नाही, ज्यांना सकाळी पोचायचंय त्यांनी माझ्या गाडीत बसावं, मी शनिवारी काही घेणार नाहीये हे त्यांनी आधी मला फोन करून विचारून घेतलं होतं. मशीनला वर्ष होत आलंय, फ्युएल सेलवाल्यांना सहा महिने ते वर्षानं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा तपासून नीट करून घेणं, लागतं नाहीतर आकडा भरवशाचा राहत नाही, म्हणून ते या आठवड्यात पाठवतेय. लग्नाच्या आत परत आलं तर नेऊ, नाहीच आलं तर तीनचे चार करू.